माडाच्या शेंड्याकडे पाहा

वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, कोकणांतील वाडीवर जाणाऱ्या कुटुंबांना एक दुःखद देखावा परिचित असतो. गतवर्षीं नारळांनीं लगडलेला माड या खेपेस नुसत्या खांबासारखा उभा! गडी सांगतो, "दृष्ट लागली." दृष्टीचा संबंध आहे खरा, पण तो आपली दृष्टि वेळेवर न पोंचल्याचा.

आंब्याची एक फांदी मेली तर दुसरी फुटते. माडाला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यांत झांकलेला. तो गेला कीं झाड गेलें. शिवाय हा एकदल वृक्ष असल्यामुळें खोडाची जखम नव्या सालीनें भरून येत नाहीं. ती जन्मभर राहते.

प्रथम कोणत्या झावळ्या पिवळ्या पडल्या तें पाहावें. निरोगी माडास सुमारें महिन्याला एक नवी झावळी येते, तेव्हां खालची एखादी जून होऊन गळणें हा निसर्गक्रमच होय. परंतु खालच्या बऱ्याच झावळ्या एकदम टोंकांकडून पिवळ्या होऊं लागल्या, तर ती बहुधा उपासमार समजावी. मोठ्या माडास वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद व १२०० ग्रॅम पालाश द्यावें, अशी शिफारस आहे. आळ्यांत मीठ टाकून स्वस्थ बसण्याची चाल आमच्याकडे आहे. पण मीठ म्हणजे पालाश नव्हे!

नव्या झावळीवर कात्रीनें कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले, तर तें काम गेंड्या भुंग्याचें. लोखंडी आंकडीनें त्यास ओढून काढावें. वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंडीची भुकटी व वाळू समभाग भरावी. याचें माहेर शेणखताच्या खड्ड्यांत असतें. तेथें खत उलथून अळ्या वेंचल्यावांचून वरचे उपाय व्यर्थ.

याच जखमेच्या वासावर तांबडा सोंड्या भुंगा येतो, आणि तो अधिक घातकी. त्याची अळी आंतला गाभा खाते. खोडावर भोंकें, तपकिरी रस व चोथा दिसतो; शांत वेळीं कान लावल्यास कुरतडण्याचा आवाजही येतो. म्हणूनच चढण्यासाठीं खोडावर पायऱ्या खोदूं नयेत, आणि हिरवी झावळी तोडतांना मीटरभर देठ राखावा.

पावसाळ्यांत मधली सुई मलूल होऊन ओढतांच हातांत आली व दुर्गंधी सुटली, तर कोंब कुजत आहे. येथें आठवड्याचाही विलंब नको. कुजका भाग खरवडून बोर्डो मलम लावावें. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यांत व तेवढाच चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरांत कालवून दोन्हीं एकत्र करावीं. भांडें मातीचें किंवा प्लॅस्टिकचें असावें. स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून तांबूस झांक चढली, तर चुना वाढवावा. (द्राक्षवेलींसाठीं फ्रान्समध्यें १८८५ सालीं प्रसिद्ध झालेलें हें औषध अद्यापि उपयोगी आहे.) मलम पावसानें धुऊन जाऊं नये म्हणून नवा कोंब दिसेपर्यंत शेंडा झांकून ठेवावा. शेजारच्या माडांवर याच औषधाचें एक टक्का द्रावण पावसापूर्वीं फवारावें.

कोंबच गेला असेल, तर मात्र माड तोडून शेंडा जाळावा व खोड चिरून टाकावें. आजोबांनीं लावलेला म्हणून मेलेला माड उभा ठेवल्यास त्याच्या कुजक्या खोडांत भुंगे वाढतात आणि तेथून शेजारच्या माडांवर जातात.