राखणीला जाताय? जमिनीवर आडवे होऊ नका, झोळी बांधा

हरभरा घाट्यात आला, ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांचा मुक्काम आपल्या शिवारात पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली तर घरचा गडी रात्रभर रानातच. मग बांधावर पोते टाकायचे, घोंगडी ओढायची, आणि डोळा लागला तर लागला. ही जमिनीवरची झोपच अनेकांच्या जिवावर बेतते.

रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावणारा साप बहुतेक वेळा मण्यार असतो. काळाभोर, अंगावर पांढरे बारीक पट्टे. हा दिवसा सुस्त आणि रात्री फिरता. उबेला म्हणून किंवा उंदरामागे तो अंथरुणात शिरतो, माणूस कूस बदलतो आणि दंश होतो. घोणस चावली तर आग होते, सूज चढते. मण्यारीचे तसे नाही. मुंगी चावल्यासारखे वाटते, कधी तेही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही, आणि घरचे म्हणतात, रात्री काहीतरी वावगे खाल्ले असेल. तेवढ्यात श्वासाचे स्नायू निकामी होतात. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यातले.

पूर्वी यावर माळा होता. चार मेढी रोवून वर फळ्या टाकायच्या, हाताशी गोफण. आता लाकूड महाग, रान तुकड्यातुकड्यात, आणि आज या पट्टीत राखण तर उद्या त्या पट्टीत. माळा काही खांद्यावर टाकून नेता येत नाही. झोळी नेता येते. तान्ह्या पोराला लुगड्याची झोळी आपल्या घराघरात बांधतात, तीच मोठ्या माणसाला बांधायची. परदेशात हिला हॅमॉक म्हणतात. कॅरिबियन बेटांवरचे मूळ लोक तिच्यात झोपत, कोलंबसाने १४९२ मध्ये ती पाहिली आणि पुढे जहाजावरचे खलाशी शेकडो वर्षे तिच्यातच झोपले. तेव्हा हा काही शहरी हौशी लोकांचा खेळ नव्हे.

कापड जाड आणि मजबूत घ्या, दहा फूट लांब व पाच फूट रुंद. दोन्ही टोकांना चार बोटांचा नेफा दुहेरी टाक्याने शिवा आणि त्यातून दोरी ओवून चुण्या घट्ट आवळा. बाजारात मिळणारा जाळीचा झोका दुपारच्या डुलकीपुरता ठीक, रात्रभर अंगाला रुततो. झाडाला दोरी थेट बांधू नका, साल कापते. ट्रकवर माल आवळायचा रुंद पट्टा असतो, तो वेढा आणि त्याला दोरी बांधा. नायलॉनची दोरी भिजली की ताणते, संध्याकाळी कमरेला असलेली झोळी पहाटे जमिनीला टेकते.

आता सगळ्यात मोठी चूक ऐका. लोक झोळी खाटेसारखी सपाट व्हावी म्हणून तारेसारखी ताणून बांधतात. हिशेब असा : ७० किलोचा माणूस असेल आणि दोरी आडव्या रेषेपासून ३० अंश उताराने असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर ७० किलोचाच ताण येतो. तीच दोरी ताणून १० अंशावर आणली तर ताण २०० किलोवर जातो. गाठ सुटते, नेफा फाटतो, माणूस पाठीवर आपटतो. म्हणून झोळीला चांगला झोल द्या. दहा फुटी झोळीची दोन टोके एकमेकांपासून सव्वाआठ फुटांवर आली की बरोबर. आणि आत सरळ झोपायचे नाही, जरा तिरपे व्हायचे, म्हणजे पाठ केळ्यासारखी वाकत नाही. बसल्यावर झोळी जमिनीपासून दीड-दोन फूट राहावी, त्याहून उंच टांगू नये.

राखणीला एकटे जाऊच नये, दोघे हवेत. नवरा-बायको असोत, बाप-लेक असोत की शेजारचा बांधकरी. पण दोघांनी एका झोळीत झोपायचे नाही, दोघेही मधोमध घसरतात आणि कुणालाच झोप लागत नाही. झोळ्या दोन, ताडपत्री एक. तीन झाडे (किंवा दोन झाडे आणि एक खोल गाडलेली बल्ली) अशी निवडा की पायाची बाजू एकाच झाडाला येईल आणि डोकी दोन वेगळ्या झाडांना. औताच्या जूसारखी नव्हे, बेचकीसारखी रचना. डोक्याकडच्या दोन झाडांना उंचावर आडवी दोरी बांधा, तिच्या मध्यापासून पायाच्या झाडापर्यंत आढ्याची दोरी ताणा आणि तिच्यावर १२ बाय १८ फुटांची ताडपत्री टाका. १२ फुटांची बाजू आढ्यावर, म्हणजे दोन्हीकडे नऊ-नऊ फूट उतरते. कोपरे खुंट्यांना. दोन झोळ्या डोक्याकडे दोन हात लांब ठेवल्या तर एकाच्या कुशीचा धक्का दुसऱ्याला लागत नाही आणि हलक्या आवाजात बोलताही येते. बाईमाणूस सोबत असेल तर मध्ये जुने लुगडे सोडले की आडोसा झाला.

अवकाळीचा शिडकावा झाला तर पाणी दोरीवरून ओघळत थेट झोळीत उतरते. पट्टा आणि झोळी यांच्या मध्ये दोरीला एक चिंधी लोंबती बांधा, पाणी तिच्यावरून खाली गळून जाते. थंडीत वरून दोन घोंगड्या घेतल्या तरी पाठ गारठते, कारण वारा खालून लागतो. गोधडी अंगावर घेण्याऐवजी अंगाखाली अंथरा, झोळीच्या खालून एक बारदान बांधा. मच्छरदाणी लावाल तर कडा आत खोचा. भाकरी आणि धान्य झोळीखाली ठेवू नका. उंदीर आला की मागोमाग साप येतो. उतरण्यापूर्वी बॅटरी, मगच पाय. चपला झटकून घाला.

झाड जिवंत आणि मांडीहून जाड हवे. आंबा, चिंच, लिंब चालतील. शेवगा आणि पांगारा नको, ठिसूळ असतात. वर वाळकी फांदी आहे का ते उजेडातच पाहून घ्या. विजेचा खांब, त्याची ताणतार किंवा मोटारीच्या पेटीचा सांगाडा यांना दोरी बांधू नका, मग अंतर कितीही सोयीचे असो. आकाशात गडगडाट सुरू झाला तर झोळी तशीच सोडा आणि पक्क्या घरात जा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी हे मोबाईल अॅप वीज पडण्याचा इशारा देते, ते घेऊन ठेवा.

जुन्नर, आंबेगावसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात मात्र झोळीचा सल्ला मी देणार नाही. तिथे उघड्यावर झोपणेच धोक्याचे. बंद खोलीत राहा.

एवढे करूनही दंश झालाच तर दोघे असण्याचा खरा उपयोग तेव्हा होतो. चावा घेतलेला अवयव काठी बांधून स्थिर ठेवा, कापाकापी नको, चोखणे नको, आवळपट्टी नको, मांत्रिक तर नकोच. चालवत नेऊ नका. १०८ ला फोन करा. गाडी लांब असेल आणि तिसरा माणूस मिळाला तर मोटारसायकलवर रुग्णाला मध्ये बसवून निघा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, तेव्हा साप मारून नेण्याची गरज नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी एक काम करावे. हे प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे याची चौकशी करून ते नाव व फोन ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहावे. मध्यरात्री हा शोध घेत बसण्यात माणूस जातो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश बसतो. खातेदार शेतकरी किंवा घरातला एक सदस्य दगावल्यास दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो. शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला तर प्रकरण अडू शकते, हे कृषी सहायकांनी लोकांना आधीच सांगून ठेवावे.

झोळी सकाळी सोडून घरात टांगा. उन्हात ठेवलेले कापड आणि प्लास्टिकची दोरी हंगामात कुजते. दर वर्षी राखणीच्या आधी नेफ्याचे टाके आणि गाठी बघा, आणि पहिल्यांदा झोपण्याआधी दोघांनी मिळून त्या झोळीवर जोर देऊन पाहा.