आयातकर कुणी लावायचा?

शेजारची मुलगी अकरावीला आहे, राज्यशास्त्र घेतलंय. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात अहिराणी, सुरतमधल्या कतारगामच्या गल्लीत गुजराती आणि माझ्याशी मराठी. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याकडे येते. आपल्या राज्यघटनेत कोणत्या देशाकडून काय घेतलं, याचा तक्ता तिच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. अमेरिकेपुढे मूलभूत हक्क आणि न्यायालयीन पुनर्विलोकन. तिला तो तोंडपाठ होता, मार्कही मिळत होते. मीही कधी खोलात गेले नाही.

२०२५च्या नोव्हेंबरात मात्र तीच प्रश्न घेऊन आली. वडील रत्नकलाकार, म्हणजे हिरे घासणारे. घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, तळियाचं, म्हणजे हिऱ्याच्या खालच्या भागाचं काम करतात, पैसे नंगावर, म्हणजे नगामागे. २७ ऑगस्टपासून अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने बऱ्याच भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर गेला. त्यांच्या कारखान्याची दिवाळीची सुट्टी लांबली आणि परत आल्यावरही हातात काम थोडंच. "मावशी, तिकडची संसद त्या एकट्या माणसाला हे करू कशी देते? बहुमत गेलं की पडेल ना तो?"

सगळा गुंता इथेच होता. आपल्या डोक्यात पंतप्रधान बसलेला असतो, सभागृहाचा विश्वास गेला की सरकार गेलं. तिकडे राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी वेगळा निवडून येतो. त्याच्यावर महाभियोग चालवता येतो, पण अविश्वास ठराव आणता येत नाही. मी तिला एकच फरक लिहायला सांगितला. आपल्याकडे सभागृहाबाहेरचा माणूस मंत्री झाला तर सहा महिन्यांत त्याला सभागृहात यावं लागतं. तिकडे सिनेटर मंत्री झाला तर त्याला सिनेट सोडावं लागतं. पाठ केलेल्या पानभर मुद्द्यांपेक्षा या दोन ओळींनी तिला जास्त समजलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुढच्या खेपेला ती झेरॉक्स घेऊन आली. अमेरिकेच्या १७८७च्या घटनेतलं पहिलं कलम, आठवा भाग. बोट ठेवून वाचलं. कर आणि जकात बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे संसदेला, तोही पहिल्याच ओळीत. "मग याच्याकडे आला कुठून?" काँग्रेसनेच थोडा थोडा देऊन टाकला. १९३०मध्ये स्मूट-हॉली कायद्यात वस्तूवार दर काँग्रेसनेच ठरवले होते. १९३४मध्ये परदेशांशी करार करून दर कमीजास्त करायची मुभा काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना दिली. या करासाठी ट्रम्प यांनी आधार घेतला तो १९७७च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकारांच्या कायद्याचा.

त्या कायद्याचं कलम आम्ही दोन संध्याकाळी वाचलं. क्रियापदांची रांगच आहे: तपास करणे, रोखणे, नियमन करणे, मनाई करणे. तिने प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा घातला. कर हा शब्द त्या रांगेत नव्हता. ती बराच वेळ गप्प होती. "आयातीचं नियमन म्हणजे त्यात कर आला असं धरायचं का?"

५ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्तींपुढे युक्तिवाद झाला तो याच प्रश्नावर, हे मी तिला तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तिने ते नुसतं उतरवून घेतलं असतं. मे महिन्यात व्यापार न्यायालयाने कर बेकायदा ठरवला होता, ऑगस्टात अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी तेच म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायचा होता.

त्या दिवशी वडील तिला न्यायला आले आणि दारातच टेकले. बोटांची टोकं हिऱ्याच्या भुकटीने काळी. तिने अहिराणीत त्यांना सगळं समजावून सांगितलं, कुठेही न अडखळता. त्यांनी एकच विचारलं, "ताई, कोर्टात गेलं कोण?"

काही राज्यं गेली, पण लहान व्यापारीही गेले, मी म्हणाले. न्यूयॉर्कचा एक वाईन आयात करणारा, इलिनॉयमधली मुलांची शैक्षणिक खेळणी विकणारी एक कंपनी.

"एवढासा धंदेवाला राष्ट्राध्यक्षाला कोर्टात उभा करतो?"

मुलीने वहीत मागे जाऊन तो पाठ केलेला तक्ता काढला. न्यायालयीन पुनर्विलोकन या शब्दांपुढे पेन्सिलीने लिहिलं: वाईनवाला, खेळणीवाली कंपनी.