पाडेल्याचा खांदा

श्रावणातला पाऊस म्हसळ्यातल्या या पडवीत आडवा येतोय. व्यायाम करवून घ्यायला आलेली फिजिओथेरपिस्ट ताई छत्री मिटायच्या आतच विचारते, "काका, रात्री उजव्या कुशीवर झोपलात ना?" पोफळीवर चढून सुपारी उतरवणारे पाडेलीकाका गप्प. काकूच सांगतात, "रोजच झोपतात."

हंगामाच्या शेवटी पोफळ झुलवत शेजारच्या झाडावर जाताना त्यांचा पाय सुटला. पडले नाहीत, उजव्या हातावर लोंबकळले. नंतर मुंबईला मुलाकडे असताना एमआरआय काढला. खांद्यातली कूर्चा फाटलीय असं निघालं, आणि फाटलं म्हणजे शिवायलाच हवं, असं घरात ठरूनही गेलं.

ताई बशी मागते. तीत एक सुपारी ठेवून बशी कलती करते, सुपारी घरंगळते. मग काकांचा रुमाल पिळून काठाशी गोल बसवते. आता सुपारी आतच राहते. "ही कूर्चेची कडी. दंडाच्या बेटकुळीचा दोर हिच्याच वरच्या काठाला धरलेला असतो. तुम्ही लोंबकळलात तेव्हा तिथे हिसका बसला."

"मग व्यायामानं सांधेल?" काकू विचारतात.

"नाही."

हे 'नाही' मला फार आवडतं. या कडीला रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे फाटलेला काठ सहसा आपोआप जुळत नाही. पण सांध्याभोवतीचे चार छोटे स्नायू आणि फऱ्याचे स्नायू बळकट झाले, तर तेच दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरतात आणि दुखणं उतरतं. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी ११८ रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ साली छापून आली. कडीच्या वरच्या भागाच्या अशाच दुखापतीवर नुसती दिखाऊ शस्त्रक्रिया झालेले रुग्ण दोन वर्षांनी खरी शस्त्रक्रिया झालेल्यांइतकेच बरे होते. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या, काहीही न दुखणाऱ्या खांद्यांतही एमआरआयला अशा फाटी बऱ्याचदा दिसतात. रिपोर्टचा कागद माणसाला उगाच घाबरवतो.

मात्र खांदा वारंवार निखळत असेल, हात बधिर पडत असेल किंवा हातातली ताकद गेली असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडेच जायचं, हे ताई दोनदा बजावते.

काका डावा हात टेबलावर टेकून वाकतात आणि उजवा सैल झुलवतात. मग कोपर कमरेशी, मध्ये टॉवेलची गुंडाळी, खिडकीच्या गजाला बांधलेली सायकलची ट्यूब बाहेर ओढायची. पाचव्या खेपेला मान आखडते. "मान नको, फरे मागे," ताई म्हणते. हात डोक्यावर न्यायची अजून बंदी आहे.

"दिवाळीनंतर सुपारी उतरेल," काका हळूच सुचवतात.

"आधी फळीवरचा डबा न दुखता काढून दाखवा. मग शिडी. झाडाचं नंतर बघू."

काकू तेवढ्यात वाडीवाल्यांना फोन लावतात. "यंदा दुसरा पाडेली बघा हो."

"खाली उभा राहून घड मोजायला येतो म्हणावं!" काका ट्यूब ओढत ओरडतात.

"मोजायला या," ताई म्हणते, "पण गोणी उचलू नका."