‘शंकु’ शब्दाचे अर्थ व पर्याय

आजच्या भूमितींत शंकु म्हणजे वर्तुळाकार तळापासून टोंकाकडे निमुळती होत जाणारी घनाकृति. परंतु जुन्या पोथ्या लावतांना हाच अर्थ धरल्यास ग्रंथकाराचा आशय हातचा जातो. म्हणून ह्या शब्दाचा थोडा विचार आम्ही येथें करीत आहों.

अमरकोशांत शंकु निरनिराळ्या वर्गांत येतो: वारिवर्गांत एक जलचर, वनौषधिवर्गांत स्थाणु व ध्रुव ह्यांचा पर्याय, म्हणजे शाखाहीन खोड, क्षत्रियवर्गांत शल्याचा पर्याय. व्यवहारांत खुंटी किंवा मेख हा अर्थ प्रसिद्धच आहे.

ज्योतिषांत शंकु म्हणजे छाया मोजण्याची बारा अंगुळांची उभी काठी. ‘नर’ हा तिचा पर्याय. सपाट भूमीवर वर्तुळ काढून मध्यें शंकु उभा करावा. दुपारच्या पूर्वीं व नंतर छायाग्र परिघास जेथें लागेल, ते बिंदु जोडले कीं पूर्वपश्चिम रेषा मिळते. सिद्धांतशिरोमणींत भास्कराचार्य हा शंकु हस्तिदंती, तळाशीं व माथ्याशीं सारख्याच परिघाचा सांगतात. म्हणजे तो निमुळता नव्हे, दंडगोल होय! निमुळत्या आकृतीस लीलावतींत (शके १०७२) ‘सूची’ म्हटलें आहे. त्याच ग्रंथांत शंकु ही संख्याहि आहे: एकावर १३ शून्यें.

सारांश, छाया व अंगुळें ह्यांचा प्रसंग असेल तेथें काठी, स्थानांच्या मालिकेंत संख्या समजावी. आणि ‘सूची’ हा पाठ लेखकप्रमाद मानून त्याजागीं ‘शंकु’ कदापि घालूं नये.