विश्लेषण : ‘स्टॉकडेल पॅराडॉक्स’ची दुसरी बाजू… युद्धकैदी वैमानिकाच्या पत्नीने सरकारचे मौन कसे मोडले?

‘सकारात्मक राहा, सगळे ठीक होईल’ असा सल्ला देणारे व्हिडिओ मोबाइलवर रोज येऊन पडतात. त्या गर्दीत ‘स्टॉकडेल पॅराडॉक्स’ हा शब्दही अधूनमधून दिसतो. ही संकल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते अमेरिकी नौदलातील वैमानिक जेम्स स्टॉकडेल जवळपास साडेसात वर्षे उत्तर व्हिएतनामच्या कैदेत होते. त्यांच्या सहनशक्तीबद्दल बरेच बोलले जाते. त्याच काळात त्यांच्या पत्नी सिबिल घरी चार मुलगे सांभाळत आपल्याच सरकारशी झगडत होत्या, ही गोष्ट मात्र मागे राहते.

कोण होते जेम्स स्टॉकडेल?

इलिनॉय राज्यातील ॲबिंग्डन या गावी १९२३मध्ये त्यांचा जन्म झाला. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून १९४६मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी सिबिल बेली यांच्याशी त्यांचे लग्न झाले. नंतर ते वैमानिक झाले. नौदलाने त्यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला पाठवले, तेव्हा एका प्राध्यापकांनी एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचे छोटेसे पुस्तक त्यांच्या हाती ठेवले. एपिक्टेटस गुलाम म्हणून जगलेला माणूस होता. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हे ओळखा, ही त्याची शिकवण. लढाऊ वैमानिकाला तिचा काय उपयोग, असे तेव्हा कुणालाही वाटले असते.

विमान पाडले गेले तेव्हा काय घडले?

९ सप्टेंबर १९६५ रोजी ‘ओरिस्कनी’ या विमानवाहू नौकेवरून स्टॉकडेल ‘ए-४ स्कायहॉक’ घेऊन निघाले. उत्तर व्हिएतनामवर त्यांचे विमान पाडण्यात आले. पॅराशूटने ते एका गावात उतरले, जमावाने त्यांना मारहाण केली. त्यांचा पाय इतका मोडला, की तो आयुष्यभर ताठच राहिला. तिथून त्यांची रवानगी हनोईतील ‘होआ लो’ तुरुंगात झाली.

त्यांच्या डोक्यात एक धोकादायक गुपितही होते. ४ ऑगस्ट १९६४च्या रात्री टॉन्किनच्या आखातात अमेरिकी नौकांवर हल्ला झाल्याचे सांगून अमेरिकेने युद्ध वाढवले होते. त्या रात्री स्टॉकडेल त्याच आकाशात होते आणि त्यांना शत्रूची एकही बोट दिसली नव्हती. छळ असह्य होऊन हे आपल्या तोंडून बाहेर पडेल, याची धास्ती त्यांना कैदेत सतत होती.

कोठडीच्या भिंतीवर टकटक कशासाठी?

युद्ध रीतसर जाहीर झालेले नाही आणि हे वैमानिक बॉम्बफेक करणारे गुन्हेगार आहेत, अशी उत्तर व्हिएतनामची भूमिका होती. त्यामुळे युद्धकैद्यांना मिळणारे संरक्षण या वैमानिकांना नाकारण्यात आले. त्यांना एकेकटे कोंडून ठेवले जाई. त्यावर कैद्यांनी शोधलेला उपाय म्हणजे भिंतीवरची टकटक. इंग्रजी अक्षरे पाच ओळींत, प्रत्येक ओळीत पाच अशी मांडायची. ‘के’ अक्षर वगळायचे, त्याच्या जागी ‘सी’ वापरायचे. आधी ओळीचा आकडा वाजवायचा, मग त्या ओळीतील जागेचा. ‘बी’साठी आधी एक टकटक, मग दोन.

ज्येष्ठ अधिकारी म्हणून स्टॉकडेल यांनी याच मार्गाने नियम पोहोचवले. लोकांसमोर झुकायचे नाही, रेडिओवर बोलायचे नाही, गुन्हा कबूल करायचा नाही आणि स्वतःपेक्षा सोबत्यांची एकी मोठी मानायची. स्वतः ते सुमारे चार वर्षे एकांतकोठडीत होते. प्रचारासाठी आपले चित्रीकरण होणार हे कळल्यावर त्यांनी स्टुलाने स्वतःचाच चेहरा सुजवून घेतला.

घरी काय सुरू होते?

कॅलिफोर्नियातील कोरोनाडो येथे सिबिल यांना सुरुवातीला पती जिवंत आहे की नाही, हेही कळले नव्हते. १९६६मध्ये त्यांची पहिली पत्रे आली. ‘कुठे काही बोलू नका, नाहीतर कैद्यांचे हाल वाढतील’, असा सरकारचा सल्ला होता. सिबिल गप्प राहिल्या, पण हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. नौदलाच्या गुप्तचर विभागाच्या मदतीने त्यांनी साध्या कौटुंबिक पत्रांतून सांकेतिक मजकूर पाठवला. उत्तरातून कैद्यांची नावे आणि छळाची माहिती येऊ लागली. हे उघड झाले असते, तर पतीवर हेरगिरीचा ठपका बसला असता. हे माहीत असूनही त्यांनी तो निर्णय घेतला.

छळाची खात्री पटल्यावरही सरकार जाहीरपणे बोलेना. तेव्हा त्यांनी आपल्यासारख्याच इतर पत्नींना एकत्र आणले आणि १९६८मध्ये वृत्तपत्रांपुढे तोंड उघडले. त्यातूनच युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

१९६९मध्ये काय बदलले?

मे महिन्यात अमेरिकी सरकारने मौन सोडले आणि कैद्यांच्या छळाबद्दल जाहीर आवाज उठवला. सप्टेंबरमध्ये हो चि मिन्ह यांचे निधन झाले. त्याच दिवसांत, आपल्या तोंडून सोबत्यांची माहिती बाहेर पडू नये म्हणून स्टॉकडेल यांनी फुटक्या काचेने मनगट कापून घेतले. पहारेकऱ्यांनी त्यांना वाचवले. ऑक्टोबरमध्ये सिबिल पॅरिसला जाऊन उत्तर व्हिएतनामच्या प्रतिनिधींना भेटल्या, तर डिसेंबरमध्ये अध्यक्ष निक्सन यांना. त्या वर्षाअखेरीस कैद्यांचा छळ बराच कमी झाला. याचे श्रेय कुणा एकाला देता येणार नाही. पण जगाचे लक्ष तुरुंगाकडे वळवण्यात या कुटुंबांचा वाटा मोठा होता.

‘पॅराडॉक्स’ म्हणजे नेमके काय?

१२ फेब्रुवारी १९७३ रोजी स्टॉकडेल सुटले. १९७६मध्ये त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले आणि १९७९मध्ये ते व्हाइस ॲडमिरल म्हणून निवृत्त झाले. पुढे लेखक जिम कॉलिन्स यांनी त्यांना विचारले, कैदेत कोण टिकले नाहीत? उत्तर होते, आशावादी. नाताळपर्यंत सुटू, मग ईस्टरपर्यंत सुटू, असे म्हणणारे दर वेळी खचत गेले. शेवटी आपण तरणार हा विश्वास सोडायचा नाही, पण आजची परिस्थिती किती वाईट आहे हे नाकारायचेही नाही. कॉलिन्स यांनी २००१मधील ‘गुड टू ग्रेट’ या पुस्तकात यालाच ‘स्टॉकडेल पॅराडॉक्स’ म्हटले.

हीच कसोटी सिबिल यांनाही लागू होते. पती परत येईल हा विश्वास त्यांनी सोडला नाही आणि ‘सगळे ठीक आहे’ हे सरकारी आश्वासनही मानले नाही. दोघांनी मिळून १९८४मध्ये ‘इन लव्ह अँड वॉर’ हे आत्मकथन लिहिले. त्यातील प्रकरणे आलटून पालटून आहेत, एक जेम्स यांचे, एक सिबिल यांचे. २००५मध्ये जेम्स यांचे निधन झाले, २०१५मध्ये सिबिल यांचे. व्हिडिओत मात्र बहुतेकदा एकाचेच नाव ऐकू येते.