वॉटचा जमाखर्च

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सेवेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकाची जी रचना विद्वज्जनांपुढे मांडली, तिच्या जोडीला दिलेल्या अॅम्प्लिफायरची शक्ती अवघी एक वॉट होती. पुढील अर्धशतकात ती शक्ती सहस्रपट झाली. परंतु दसपट शक्ती कानाला जेमतेम दुप्पट भासत असल्यामुळे आवाज मात्र सुमारे आठपटच वाढला. ध्वनिक्षेपकाच्या कॉइलवर पडणारा उष्णतेचा भार मात्र पुरता सहस्रपट झाला, कारण दिलेल्या शक्तीपैकी शेकडा एक-दोन भागच ध्वनिरूप पावतो व बाकीची कॉइल तापविण्यात खर्ची पडते.

निर्वात नळ्यांच्या काळी शक्ती महाग, म्हणून बेताची असे. ट्रान्झिस्टरने ती स्वस्त केली आणि जाहिरातींतील आकड्यांना धरबंध उरला नाही. अखेर १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, घरगुती अॅम्प्लिफायरची शक्ती सांगायची तर निरंतर टिकणारी सरासरीच सांगावी, असे फर्मान काढले. आमच्या बाजारात पीएमपीओ नावाचा फुगीर आकडा त्यानंतरही कित्येक वर्षे खोक्यांवर सुखेनैव नांदला, हा भाग निराळा.

त्याच १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटाच्या निमित्ताने सेन्सराउंड या ध्वनियोजनेचे, अतिमंद्र स्वर वाजविणारे अजस्र सबवूफर चित्रगृहांत आले आणि दुसऱ्या एका संकटाची जाणीव व्यापक झाली. स्वर एक सप्तक खाली उतरला की तितक्याच आवाजासाठी शंकूला चौपट अंतर हलावे लागते. म्हणून कॉइल शीतल असतानाही शंकू मर्यादा ओलांडून फाटू शकतो. छिद्रयुक्त पेटीत तर, ती ज्या कंप्रतेला जुळविलेली असते तिच्या खाली, हवेचा आधारच सुटतो. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली व रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दशकात या पेट्यांचे गणित मांडले, तेव्हापासून अतिमंद्र स्वर गाळणारी चाळणी ही चैन न राहता गरज ठरली.

या काळातच एक समज रूढ झाला की, लहान अॅम्प्लिफायरच सबवूफर जाळतो. माझ्या मते तो अर्धसत्य आहे. अल्प शक्तीने कोणतीही कॉइल आजवर जळलेली नाही. मात्र आवाज पुरेना म्हणून कळ पिळली की लहरींची शिखरे छाटली जातात, आणि पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या शुद्ध लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. शंभर वॉटचा म्हणून बसविलेला अॅम्प्लिफायर अशा वेळी दोनशेच्या घरात जातो. दोष यंत्राच्या लहानपणाचा नव्हे, कळ पिळणाऱ्या हाताचा.

म्हणूनच ध्वनिक्षेपकाच्या निरंतर क्षमतेच्या दीड-दोनपट अॅम्प्लिफायर घ्यावा, म्हणजे शिखरे छाटली जात नाहीत, असा सल्ला जाणते देत आले. ही मुभा संगीतातील चढउतारांच्या जामिनावर मिळालेली आहे. विसर्जन मिरवणुकीत तासन्तास वाजणाऱ्या सलग ठोक्यांत ते चढउतार फारसे उरत नाहीत, तेव्हा ती मुभाही रद्द समजावी आणि शक्तीला आवर घालणारा लिमिटर निरंतर क्षमतेच्या आकड्यालाच बांधावा.