सहीनंतरचे दहा दिवस

इंदूरच्या एखाद्या तारांकित हॉटेलातून रविवारच्या चहापानाचे आमंत्रण येते. अट एकच, पती-पत्नी दोघांनी मिळून यावयाचे. आपल्या धार, देवास, राजगढ परिसरातील डॉक्टर मंडळींना असे दूरध्वनी विशेष येतात आणि त्याचे कारण उघड आहे. हाती पैसा आहे, रजा नाही, आणि मुलांना कुठे नेले नाही ही टोचणी मात्र कायमची आहे. दोन-तीन तासांच्या मधुर संभाषणानंतर पंचवीस वर्षे दरवर्षी एक आठवडा सहलीचा हक्क, म्हणजेच ‘टाइमशेअर’, आपल्या गळ्यात पडतो. सवलत ‘फक्त आजच’ असते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली रुग्णाची संमती पुरेशा माहितीनंतरच घ्यावी, असे आपणांस बजावले. त्या टेबलावर मात्र छापील पाने वाचण्यास कोणी सवड देत नाही. वार्षिक देखभाल शुल्काचे कलम दृष्टीस पडते ते घरी आल्यावर.

मग रद्द करता येईल काय? युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार ग्राहकास कारण न देता माघार घेण्यास १४ दिवस मिळतात आणि त्या मुदतीत विक्रेत्याला आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १० दिवस आहेत. आपल्याकडे आयुर्विम्याला २०२४ पासून ३० दिवसांची मुदत मिळाली. टाइमशेअरसाठी मात्र स्वतंत्र कायदाच नाही. काही कंपन्या करारात स्वतःहून मुदत देतात, ती बहुधा दहा दिवसांची असते. म्हणजे हा हक्क कायद्याने नव्हे, करारानेच दिलेला. दिवस किती, ते सहीपासून की पैसे भरल्यापासून मोजावयाचे, पत्र कोणत्या पत्त्यावर धाडावयाचे, हे सारे त्या एका कलमात शोधावे लागते.

लसीकरणाची पुढील तारीख आपण कार्डावर लिहून देतो, आईच्या स्मरणावर सोडत नाही. येथेही तसेच करावे. विक्रेता दूरध्वनीवर ‘साहेब, मी बघतो’ म्हणतो आणि त्यातच आठवडा सरतो. पत्रात करार क्रमांक, सहीची तारीख, भरलेली रक्कम आणि ‘करार रद्द करीत आहोत, रक्कम परत करावी’ एवढेच असावे. कारणे लिहिली की समजूत घालणारे येतात! करार दोघांच्या नावे असल्यास सह्याही दोघांच्या हव्यात. त्याच दिवशी ई-मेल करून पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने धाडावे. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झाले आहे. हप्ते बांधले असल्यास बँकेलाही कळवावे.

‘मुदतीनंतर पैसे वाढून मिळतील’ असे सांगितले, तर तो सहलीचा व्यवहारच राहत नाही. हॉटेलच्या खोल्यांच्या रात्री विकणाऱ्या मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जला सेबीने फेब्रुवारी २०१६ मध्ये ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. त्यात महाराष्ट्रातील असंख्य सामान्य कुटुंबांची पुंजी अडकली होती.

मुदत उलटली तरी सर्व संपत नाही. खोटी माहिती देऊन करार करविला असेल, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १९ नुसार तो रद्द ठरविता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, तक्रार दाखल करता येते. धारच्या माणसास त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण पुरावा मागितला जातो तो पत्राच्या पावतीचाच, आणि मुदत रविवारी संपत असेल तर पत्र शनिवारी दुपारपूर्वीच टपालात पडलेले बरे.